बॉनेटवरची दोन भोकं

जुन्या गाडीचं मोनोग्राम निघून गेलं की बॉनेटच्या नाकावर भोकं उरतात, आणि ती पाहिली की गाडीबद्दल बरंच कळतं. कडा बाहेर उचललेल्या असतील तर कुणीतरी खालून पेचकस घालून मोनोग्राम उचकटलेलं असतं. कडा आत दबलेल्या असतील तर समोरून काहीतरी आदळलेलं असतं. कडा सरळ, पण भोवती गंजाचं तपकिरी कडं असेल, तर पिना आतल्या आत कुजून तुटल्या आणि त्यानंतर कित्येक पावसाळे पाणी त्या भोकांतून झिरपत राहिलं, असं समजावं. ही तिसरी तऱ्हा सगळ्यात वाईट. पहिल्या दोन्हींत नुकसान पत्र्याच्या वरच्या बाजूला असतं. तिसऱ्यात ते बॉनेटच्या आतल्या चौकटीत असतं, जिथे हात पोचत नाही आणि नजर तर त्याहून नाही.

माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज खामगावात आहे. काम मुख्यतः हायवेचं. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ होता, आता ५३ म्हणतात. मलकापूर, नांदुरा, खामगाव करत तो पुढे अकोल्याकडे जातो. त्यावर ठोकलेल्या गाड्या आमच्याकडे येतात: दबलेले दरवाजे, फुटलेले बंपर, कधी आख्खं तोंड. नव्या गाडीचं मोनोग्राम हा आमच्या लेखी कामाचा भागच नसतो. पार्ट मागवायचा, मागचा कागद सोलायचा, दाबून बसवायचं. जुन्या गाडीचं मात्र तसं होत नाही, आणि हे सांगावंसं वाटलं ते एका पद्मिनीमुळे.

मेहकरकडच्या एका शेतकऱ्याची ती गाडी. एमएच २८ यायच्या आधीचा, तीन अक्षरी नंबर. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली, नंतर बरीच वर्षं बैलांच्या कोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी. इंजिनचं काम दुसरीकडे करून ती माझ्याकडे रंगासाठी आली. सोबत मालक आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा. मुलाने ऑनलाइन मागवलेलं एक मोनोग्राम खिशातून काढलं. फियाटचं, प्लास्टिकचं, वर क्रोमसारखी चमक, मागे डबल टेप.

"बाबा, पाच मिनिटाचं काम हाये. चिपकवून टाकू," तो म्हणाला.

वडिलांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "हे आपलं नाही. आपल्या गाडीवर हे नव्हतं."

"मंग तुम्ही सगळे तिले फियाट काहून म्हणता?"

मुलाचा प्रश्न रास्त होता. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडल्या, मग इटलीच्या फियाटच्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि घराघरांत 'फियाट' हेच गाडीचं नाव झालं. पुढे फियाटशी असलेला करार संपला. त्याच अंगाची, त्याच १०८९ सीसी इंजिनची गाडी आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. पत्रा तोच, गिअरचा दांडा स्टिअरिंगशेजारी तसाच. बदललं ते बॉनेटवरचं चिन्ह आणि मागचं नाव. लोकांनी मात्र फियाट म्हणणं सोडलं नाही. मुंबईतले टॅक्सीवालेही शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले, आणि शेवट म्हणजे अगदी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत, जेव्हा शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली.

ट्रकच्या बाबतीतही असंच घडलं होतं. टाटांचे ट्रक १९५४ पासून जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबरच्या करारात बनत. त्यांच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा असे. करार १९६९ मध्ये संपला तेव्हा तारा गेला आणि त्या जागी टाटांचा 'टी' आला. हायवेवरचे म्हातारे ड्रायव्हर त्यानंतरही कितीतरी वर्षं त्या गाडीला 'मर्सिडीज'च म्हणायचे. माणसाच्या तोंडी जे नाव बसतं ते कराराच्या कागदाबरोबर संपत नाही, हे खरं. पण गाडीच्या तोंडावर काय लावायचं, हा प्रश्न त्यापेक्षा वेगळा आहे. तिथे मी भोकांचं ऐकतो. या बॉनेटला ज्या अंतरावर भोकं पाडून ती कारखान्यातून बाहेर पडली, त्या अंतराच्या पिना ज्या मोनोग्रामला होत्या, तेच तिचं. मुलाने आणलेलं फियाटचं लावायचं तर भोकं लांबीने बुजवावी लागली असती. एकदा ती बुजली की ही गाडी मुळात काय होती, याची खूण बॉनेटवरून कायमची गेली असती.

मी मुलाला डबल टेपबद्दलही सांगितलं, कारण हल्ली सगळेच तो उपाय करतात आणि तो वाईट नाही. चांगल्या प्रतीची फोमची टेप बारीक खिळ्यापेक्षा जास्त धरते. पण तिला तीन गोष्टी लागतात. पत्रा स्पिरिटने पुसून तेलकटपणा पूर्ण घालवलेला असावा. लावल्यावर नीट दाब मिळावा. आणि वेळ मिळावा, कारण तिची पूर्ण पकड यायला ७२ तास जातात. लावताना पत्रा फार तापलेला नको आणि फार थंडही नको. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि उन्हातला गडद पत्रा त्याच्या कितीतरी वर, ७० अंशांपलीकडे तापतो. म्हणून टेपचं काम उन्हाळ्यात सकाळी उजाडल्या उजाडल्याच करावं. एवढं करूनही एक अडचण राहते. पद्मिनीच्या बॉनेटचं नाक दोन्ही दिशांनी गोल आहे. त्यावर सपाट, कडक तुकडा चिकटवला की मध्ये धरतो आणि टोकाला उचलतो. टेप सरळ ओढीला टिकते, कडेने सोलायला लागलं की हळूहळू सुटते. एक टोक मोकळं झालं की पहिल्याच पावसात पाणी आत शिरतं.

"मंग जुनंच भेटलं पाह्यजे," वडील म्हणाले. "आईनं ठेवलं असन कुठं तरी."

आईने ठेवलं होतं. पुढच्या खेपेला त्यांनी एका कापडी पुरचुंडीतून ते आणलं. मोनोग्रामचं एक टोक तुटलेलं, दोन्ही पिना गळून पडलेल्या, क्रोम फोडांसारखं उठलेलं. तरी आकार पूर्ण कळत होता.

इथून काम अवघड झालं आणि मला आवडायला लागलं.

त्या काळातली मोनोग्रामं बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असायची. साच्यात दाबून ओतलेली, मग तांबं, निकेल आणि क्रोम असे थर चढवलेली. जस्त स्वस्त, बारीक नक्षी सुरेख घेतं, म्हणून जगभरच्या गाड्यांवर ते होतं. पण वरच्या थराला बारीकशी चीर गेली की आतलं जस्त कुजायला लागतं. त्याची पांढरी भुकटी होते, ती फुगते आणि क्रोमला आतून ढकलते. त्यातून आमच्या गाड्यांवर दसऱ्याला नारळ फुटतो, पाणी बॉनेटवरून ओघळतं, हळदकुंकू ओलं होऊन मोनोग्रामच्या बुडाशी साचतं, झेंडूचा हार वाळेपर्यंत तिथेच असतो. वर्षानुवर्षं ओल धरून ठेवणारी ती एकच जागा असते. पिना तिथूनच जातात. पूजा करू नका, असं मी कुणाला म्हणत नाही आणि म्हणणारही नाही. ज्या गाडीची पूजा होते ती गाडी घरातली असते. अशा गाडीचे मालक रंगाच्या पैशांत घासाघीस करतील, पण जुना पत्रा फेकून द्या म्हणणार नाहीत. फक्त पूजेनंतर ती जागा कोरडी पुसावी, एवढं मात्र प्रत्येकाला सांगतो.

तुटलेल्या पिना पुन्हा जोडता येतील का, हे विचारायला मी ते मोनोग्राम चांदीच्या बाजारात एका कारागिराकडे नेलं. खामगावची चांदी दूरदूर माहीत आहे. समया, ताम्हनं, देवाच्या मूर्ती इथे बनतात आणि बाहेरगावी जातात. बारीक डाग देण्यात इथल्या हातांची बरोबरी आमचा वेल्डर करू शकत नाही. त्या काकांनी मोनोग्राम नखाने खरवडलं, तराजूत टाकल्यासारखं हातावर तोललं आणि मान हलवली. चांदीचा डाग वितळायला सहाशे अंशांच्या वर आच लागते. हे जस्त चारशेच्या आतच पाणी होतं. डाग वितळायच्या आधी वस्तूच वितळली असती.

"पितळेत ओतून देऊ," ते म्हणाले. "हे नमुना म्हणून ठेवू."

चांदी ९६२ अंशांना वितळते आणि पितळ त्याच्या जरा आधीच, म्हणजे त्यांच्या भट्टीला ते जड नव्हतं. फक्त मूस वेगळी घेतली. ज्या मुशीत चांदी गाळतात तिच्यात पितळ गेलं तर पुढची चांदी बिघडते, ही शिस्त ते मोडत नाहीत. तुटलेलं टोक त्यांनी मेणाने पूर्ण केलं. दुसऱ्या बाजूच्या शाबूत टोकावर आरसा उभा धरून त्यातलं प्रतिबिंब पाहत पाहत मेणाला आकार दिला. मी तासभर नुसता बघत बसलो होतो. माझ्या कामात लांबी लावून, घासून, पुन्हा लावून आकार काढायचा असतो, चुकलं तर थर वाढवायचा. त्यांच्या कामात मेण एकदाच बरोबर व्हावं लागतं, कारण साच्यात ते जसंच्या तसं उतरतं.

इथे एक गोष्ट त्यांना माझ्याकडून कळली आणि एक मला त्यांच्याकडून. पितळ थिजताना आक्रसतं, साधारण शंभराला दीड. नमुन्यावरून ओतलेली वस्तू नमुन्यापेक्षा तेवढी लहान निघते. समईच्या फुलाला त्याने फरक पडत नाही. पण दहा सेंटिमीटर अंतरावरच्या दोन पिनांमध्ये दीड मिलिमीटर कमी झालं तर त्या बॉनेटच्या भोकांत जाणारच नाहीत. म्हणून मी म्हटलं, पिना साच्यात ओतू नका, नंतर मी दिलेल्या अंतरावर डाग देऊन बसवा. त्यावर ते म्हणाले की मग नुसत्या गुळगुळीत पिना कशाला, आटे पाडलेल्याच बसवू. कारखान्यातून आलेल्या मोनोग्रामला साध्या पिना असतात. मागून पत्र्याची दातेरी चकती त्यांवर दाबून बसवतात, ती आत जाते पण परत निघत नाही. काढायचं तर चकती तोडावी लागते, आणि बहुतेक वेळा तिच्याबरोबर पिनही जाते. आट्याच्या पिनेला साधा नट लागतो. उद्या कुणाला बॉनेट पुन्हा रंगवायचं असेल तर नट सोडला की मोनोग्राम हातात येतं.

ते ऐकून मला जे वाटलं ते गाडीच्या मालकापेक्षा माझ्याबद्दल जास्त होतं. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जुन्या गाड्यांवर आधीच्या माणसाने असं काम केलेलं असतं की ते फोडल्याशिवाय निघत नाही. मोनोग्रामखाली एम-सील भरलेलं, स्क्रूच्या डोक्यावर वेल्डिंगचा ठिपका मारलेला, भोक मोठं झालं म्हणून मागे पत्र्याचा तुकडा ब्रेझिंग करून टाकलेला. त्या क्षणी ते पक्कं वाटतं. गिऱ्हाईक हलवून बघतं, हलत नाही, खूश होतं. पण जुनी गाडी पुन्हा पुन्हा उघडावी लागते, तिचं कुठलंच काम शेवटचं नसतं. माझ्यानंतर कुणीतरी हे बॉनेट हातात घेईल, त्याला माझं काम तोडावं लागू नये, याची काळजी मी घ्यायलाच हवी. पक्कं करणं आणि सुटण्यासारखं ठेवणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येतात. फक्त त्याला अर्धा दिवस जास्त लागतो.

अंतर घेण्याचं काम मी स्वतः केलं. गंजाने भोकांची तोंडं वेडीवाकडी झाली होती, त्यांवर पट्टी ठेवून काही कळलं नसतं. आधी गोल कानशीने कुजका पत्रा काढून चांगल्या धातूपर्यंत आलो, मग दोन्ही भोकांत घट्ट बसतील अशी एकाच मापाची दोन ड्रिलं उभी केली. व्हर्नियरने बाहेरून बाहेर मोजायचं आणि त्यातून एका ड्रिलची जाडी वजा करायची, की मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिळतं. ते कागदावर लिहून कारागिराला दिलं. उघड्या धातूवर जस्ताचा प्रायमर ब्रशने, भोकाच्या कडेच्या आतपर्यंत लावला. तिथे स्प्रे पोचत नाही आणि गंज मात्र तिथूनच परत सुरू होतो.

ओतून आलेल्या पितळेची पाठ बॉनेटच्या गोलाईला बसवणं हे या कामातलं सगळ्यात शांत काम. त्याला जुना उपाय आहे. शेंदूर तेलात कालवून बॉनेटवर पातळ थर पुसायचा, मोनोग्राम वर टेकवून उचलायचं, पाठीवर जिथे लाल लागलं तिथेच कानस फिरवायची. पुन्हा टेकवायचं, पुन्हा घासायचं. सुरुवातीला दोन ठिपके उमटतात, मग चार, मग हळूहळू कडेकडेने पूर्ण रेघ. त्या रेघेत खंड उरला नाही की समजायचं, आता पितळ आणि पत्रा एकमेकांना ओळखतात. मालकांचा मुलगा तेव्हा आला होता. त्याला कानस दिली. पहिल्यांदा त्याने जोर लावला आणि कानस घसरली. मग हात हलका केला. जाताना त्याने ते प्लास्टिकचं मोनोग्राम स्वतःच्या बाइकच्या डिकीत टाकलं, रागाने नाही, नुसतं बाजूला ठेवावं तसं.

मुलामा कसला चढवायचा यावर मालकांचा एक विचार होता. खामगावात आलोच आहोत तर चांदीच चढवू. कारागिराने तिथल्या तिथे नकार दिला.

"चांदी नोका चढवू. उघड्यावर गाडी, रस्त्याचा धूर. दोन महिन्यात काळी पडन आन् तुम्ही रोज घासत बसान."

चांदीचा धंदा करणारा माणूस चांदी नको म्हणतो, याचं मालकांना फार अप्रूप वाटलं. मग निकेल आणि त्यावर क्रोम असं ठरलं. पितळ निकेल थेट घेतं, जस्तासारखा तांब्याचा थर आधी द्यावा लागत नाही. त्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरला पाठवलं. पाठवताना आट्यांना मेण लावून वरून टेप गुंडाळली. ती काळजी घेतली नाही तर आट्यांच्या खोबणीत क्रोम भरतो आणि नट चढत नाही.

शेवटची बसवणी थोडक्यात झाली. पितळ आणि लोखंडी पत्रा ओलाव्यात एकमेकांना टेकले की लोखंड खराब होतं. म्हणून मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचं, मोनोग्रामच्या आकारापेक्षा एक केसभर आत राहील असं कापलेलं रबर ठेवलं, आणि पिनांवर वायरीचं सोललेलं प्लास्टिकचं कवच चढवलं. बॉनेटच्या आतल्या चौकटीत बोट जात नाही, तिथे नट नळीच्या पान्याच्या तोंडात ग्रीसने चिकटवून पोचवला. मागे स्प्रिंग वायसर. नट टेकला की त्यापुढे पाव फेरा, त्याहून जास्त नाही. जास्त आवळलं तर रबर बाहेर येतं आणि पत्र्याला खळगा पडतो.

गाडी न्यायला मालकांबरोबर त्यांची आईही आली होती. त्यांनी मोनोग्रामवरून बोटं फिरवली आणि सरळ मला विचारलं, "दसऱ्याले हार कुठी बांधू मंग? याले बांधू का?"

मी म्हटलं, "आजी, याला नका. ग्रिलच्या मागे दोन कड्या लावून दिल्या आहेत, दोरा त्यांत ओवा. हार इथेच पुढे दिसेल."

त्यांनी वाकून त्या कड्या पाहिल्या, ओढून पाहिल्या, आणि चालेल म्हणाल्या. नटाचं माप, पान्याची नळी आणि नट कुठून काढायचा, हे मी एका कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये आरसी बुकाच्या पाकिटात ठेवलं.

मेणाने पूर्ण केलेला नमुना कारागिराकडेच आहे. चिखलीच्या एका माणसाने ही गाडी रस्त्यात पाहिली आणि त्यालाही तसंच मोनोग्राम हवं आहे. काकांनी ओतायची तयारी दाखवली आहे. पण मी त्यांना थांबवून ठेवलंय. त्या बॉनेटची भोकं कुणीतरी एकदा वाढवली आहेत असं फोनवर कळलं, आणि गाडी समोर येऊन व्हर्नियर लागल्याशिवाय पिनांचं अंतर देता येणार नाही.